प्रश्न क्रमांक अठरा

तो फॉर्म मी तयार केला होता आणि मला त्याचा अभिमान होता, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेले बरे. बत्तीस प्रश्न, प्रत्येकासमोर ‘होय’ आणि ‘नाही’ असे दोन चौकोन, आणि शेवटी रुग्ण शस्त्रक्रियेसाठी कितपत सज्ज आहे हे सांगणारा एक रंग: हिरवा, पिवळा किंवा लाल. औषधनिर्माणशास्त्राची पदवी आणि त्यावर क्लिनिकल रिसर्चचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन मी नाशिकच्या एका खासगी हृदयरोग रुग्णालयात परदेशी रुग्णांची समन्वयक म्हणून रुजू झाले. त्या वेळी तिथे रुग्णांची माहिती काही ईमेलमध्ये, काही फोनवर आणि काही कुणाच्या तरी आठवणीत असे. माझ्या फॉर्मने ती दोन पानांत आणली. पुढच्या वर्षी सार्वजनिक आरोग्याच्या शिक्षणासाठी परदेशी जाण्याचा माझा बेत होता. अर्जासोबतच्या निबंधात या फॉर्मवर एक संपूर्ण परिच्छेद होता आणि त्याचे शेवटचे वाक्य असे होते की, या पद्धतीतून काहीही निसटत नाही.

प्रशांत महासागरातल्या एका छोट्या बेटदेशातून आमच्याकडे अधूनमधून रुग्ण येत. देशाचे नाव लिहीत नाही. तिथे माणसे इतकी कमी आहेत की मी जिच्याविषयी लिहिते आहे तिला नुसत्या वर्णनावरून तिथला कुणीही ओळखेल. त्या देशात हृदयाची शस्त्रक्रिया होत नाही. ज्यांच्यावर तिथे इलाज नाही अशांची नावे राजधानीतल्या एका समितीपुढे जातात. समिती त्यांतली थोडी निवडते, आणि निवडलेला रुग्ण एका परिचारिकेच्या सोबतीने विमानामागून विमान बदलत आपल्याकडे पोहोचतो. ज्यांची निवड होत नाही त्यांचे पुढे काय होते, हा प्रश्न माझ्या फॉर्मच्या कक्षेबाहेरचा होता.

ती डिसेंबरात आली. सत्तावीस वर्षांची, एका दूरच्या बेटावरच्या प्राथमिक शाळेतली शिक्षिका. नवरा परदेशी मालवाहू जहाजावर खलाशी. चार वर्षांची मुलगी आजीपाशी ठेवून आलेली. बोलताना दर तिसऱ्या-चौथ्या शब्दाला ती थांबे, आणि ते थांबणे विचारासाठी आहे असे समोरच्याला वाटावे म्हणून हलकेच हसे. तिच्यासोबत आलेल्या परिचारिकेला मी पहिल्या दिवसापासून सिस्टर म्हणू लागले. पन्नाशी ओलांडलेल्या, भरदार बांध्याच्या, आवाजात सदैव एखादा विनोद तयार असलेल्या सिस्टर फक्त नाशिकच्या थंडीपुढे हरल्या होत्या. त्यांच्या देशात स्वेटर विकतच मिळत नाही. दुसऱ्या दिवशी त्या अतिथिगृहाच्या पलंगपोसात स्वतःला गुंडाळून माझ्या टेबलाशी आल्या. तेव्हा मी घरी फोन केला आणि पप्पांनी आपला खाकी स्वेटर पाठवून दिला. पप्पा सिन्नरच्या एस.टी. आगारात वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त झाले तरी स्वेटर कामावरचाच होता. तो सिस्टरना नेमका बसला. पुढचे तीन-चार आठवडे आमच्या रुग्णालयाच्या व्हरांड्यांतून एक परदेशी कंट्रोलर फिरत होता.

तिचा आजार मला अपरिचित नव्हता. लहानपणी घसा दुखतो, ताप येतो, घशातल्या जंतूंशी लढताना शरीर चुकून स्वतःच्या सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवरही हल्ला करते. वर्षानुवर्षे त्या झडपा जाड, आखूड आणि कडक होत जातात. पेठ-सुरगाणा तालुक्यांकडून येणाऱ्या तरुण मुलींत मी तो पाहिला होता. वेळेवर ओळखला तर दर चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे एक इंजेक्शन त्याला रोखून धरते. तिला तो उशिरा ओळखता आला. आता डाव्या बाजूची झडप बदलण्यावाचून इलाज नव्हता. कोणती झडप बसवायची, एवढेच ठरायचे होते.

त्यात दोन पर्याय असतात. धातूची झडप दीर्घकाळ टिकते. पण तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून जन्मभर रक्त पातळ ठेवणारी गोळी घ्यावी लागते. ती गोळी कमी पडली तर झडप अडकते किंवा मेंदूत गुठळी जाते, जास्त झाली तर रक्तस्राव होतो. म्हणून ठरावीक काळाने रक्त तपासून मात्रा बदलत राहावी लागते. प्राण्याच्या ऊतीपासून केलेल्या झडपेला ही जन्मभराची गोळी सहसा लागत नाही. पण ती झिजते आणि तरुण वयात लवकर झिजते. मग दुसरी शस्त्रक्रिया. म्हणून तरुण रुग्णासाठी धातूची झडप निवडताना आमच्या शल्यविशारदांना दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागत. पहिली, रक्ताची तपासणी नियमित होऊ शकते का. दुसरी, तिला आणखी मूल हवे आहे का. कारण ती गोळी गर्भाला घातक ठरू शकते. हे माझे प्रश्न क्रमांक अठरा आणि एकोणीस.

मी इंग्रजीतून विचारत होते. ती भाषा दोघींनाही शाळेत शिकल्यामुळे येत होती. आमची सगळी बोलणी इंग्रजीतच झाली, इथे मी ती मराठीत देते आहे.

“रक्त पातळ ठेवण्याच्या गोळीची तपासणी तुमच्या देशात होते?”

सिस्टरनी तिच्याकडे पाहिले. तिने आपल्या हातांकडे पाहिले.

“होते,” सिस्टर म्हणाल्या.

“आणखी मूल हवंय?”

“नाही,” ती म्हणाली.

दोन खुणा, रंग हिरवा. सरांनी, म्हणजे आमच्या शल्यविशारदांनी, फॉर्म पाहून धातूची झडप सुचवली आणि शस्त्रक्रिया पुढच्या गुरुवारी ठरली. पुढचा फॉर्म संगणकावर उघडताना मला समाधान वाटल्याचे आठवते.

मधल्या दिवसांत तपासण्या चालल्या होत्या आणि त्या दोघी अतिथिगृहात राहत होत्या. रुग्णालयातले जेवण तिच्या गळ्याखाली उतरत नव्हते. तिला मासा हवा होता. हे घरी सहज बोलले, तर आईने ते अंगावर घेतले. तिने धरणातला ताजा कटला आणला, नुसत्या मीठ-हळदीत शिजवून त्यावर नारळाचे दूध घातले आणि स्वतः चाखून तोंड वाकडे केले.

“याला काय चव म्हणायची? तिखटाचं नाव नाही. असलं मी तुझ्या पप्पांना वाढलं असतं तर ताट तसंच परत आलं असतं.”

“तुझं ताट परत पाठवायची माझी छाती व्हती का कधी?” पप्पा हॉलमधून म्हणाले.

डबा त्यांनीच स्कूटरवरून पोहोचवला आणि रिकामा परत आणला. त्या दिवसापासून दुपारचा डबा हे त्यांचे काम झाले. पहिल्यांदा डबा उघडल्यावर तिने काटेसुद्धा चोखून ताटाच्या कडेला नीट लावून ठेवले होते. आईला ते सांगितल्यावर आईने दुसऱ्या दिवशी मोठा डबा काढला.

पप्पांचे इंग्रजी त्यांच्या नोकरीतून आलेले: डिपार्चर, अरायव्हल, लेट, कॅन्सल, ब्रेकडाउन. एवढ्यावर त्यांची आणि सिस्टरची मैत्री जमली, याचे कारण रेडिओ. सिस्टर राजधानीत बदलून येण्यापूर्वी बरीच वर्षे तिच्याच बेटावरच्या दवाखान्यात एकट्या होत्या. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, सौरऊर्जेवर चालणारा एक फ्रिज, आणि भिंतीवर रेडिओ. रोज सकाळी ठरलेल्या वेळी सगळ्या बेटांवरच्या परिचारिका रेडिओसमोर बसत आणि राजधानीतला डॉक्टर एकेका बेटाला हाक मारी. कुणाकडे अडलेले बाळंतपण, कुणाकडे ताप, कुणाकडची औषधे संपलेली. सगळे सगळ्यांना ऐकू जाई. गुपित असे काही उरत नसे, असे सिस्टर म्हणत. डॉक्टर प्रत्यक्ष बेटावर येई तो वर्षातून एखाद्या वेळी.

“म्हणजे कंट्रोल,” माझे भाषांतर ऐकून पप्पा खूश होऊन म्हणाले. “आमचं पण तसंच. सकाळी फोनवर एकेक स्टँड घ्यायचा. कुठली गाडी निघाली, कुठली पडली.”

सिस्टर मुलांना पेनिसिलिनचे इंजेक्शन कसे देत, हेही त्यांनी त्याच बैठकीत सांगितले. ते फार दुखते. त्यामुळे इंजेक्शनच्या दिवशी मुले होड्यांच्या मागे लपत. सिस्टर मग हातात पेटी घेऊन किनाऱ्यावर बसून राहत आणि ओरडून सांगत, की भरती आली की तुम्हाला यावेच लागेल, मला घाई नाही.

रविवारी सरांच्या परवानगीने मी दोघींना शरणपूर रोडवरच्या एका चर्चमध्ये घेऊन गेले. प्रार्थना मराठीत होती. एका गीताची चाल दोघींना ओळखीची निघाली, म्हणून त्या आपल्या भाषेतल्या शब्दांत गाऊ लागल्या. सिस्टरचा आवाज खर्जातला आणि भक्कम. तिचा उंच, स्वच्छ, आणि प्रत्येक ओळीच्या मध्यावर तुटणारा. तिसऱ्या कडव्याला तिने गाणे सोडले आणि नुसते ओठ हलवत राहिली. पुढच्या बाकावरच्या एक आजी वळून पाहू लागल्या, तेव्हा तिने त्यांनाही तेच हलके हसू दिले. बाहेर आल्यावर व्हीलचेअरवर बसताना तिने मला सांगितले, “माझ्या वर्गात मी आता फळ्यावरच लिहिते. गाणी मुलंच म्हणतात.” मग थोडे थांबून, “मुलगी विचारते, तू का नाही म्हणत?”

मला तेव्हा वाटले होते: गुरुवारनंतर म्हणशील.

मंगळवारी दुपारी मी तिला गोळीची माहिती देत होते. त्यासाठी आमच्याकडे एक छोटी निळी पुस्तिका असते: तारीख, तपासणीचा आकडा, गोळीची मात्रा, पुढची तारीख. मी रकाने भरून दाखवत होते. सुरुवातीला दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने. ती प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. पप्पा डबा ठेवून खुर्चीत बसले होते. आकड्यांचा तक्ता समोर असला की त्यांना स्वस्थ बसवत नाही. ते पुढे झुकून पुस्तिका पाहू लागले.

“हे काय, ड्युटी चार्ट का?”

“रक्त तपासायला कधी जायचं त्याच्या तारखा आहेत, पप्पा.”

“जायची तारीख हाय. परत यायचा रकाना कुठंय?”

“परत त्याच दिवशी येतात. तासाभराचं काम असतं.”

“तुला कोणी सांगितलं? इचार तिला, गाडी कोणती हाय.”

मी हसून तो प्रश्न सिस्टरना सांगितला. सिस्टरही हसल्या. “गाडी नाही, कंट्रोलर. बोट.”

“बरं, बोट. डिपार्चर किती वाजता?”

“वाजता नाही. महिना विचारा.”

“काय म्हणती?” पप्पा माझ्याकडे वळले.

“म्हणतात, वेळ नाही, महिना विचारा.”

“मंग बोर्डावर लिहायला खडूच लागत नसंल.” त्यांनी दाद दिली, पण विषय सोडला नाही. “बेटावर आली की मुक्कामी थांबती का? सकाळी तीच गाडी परत जाती, असं हाय का काही?”

मुक्कामी गाडी म्हणजे काय हे मला सिस्टरना समजावून सांगावे लागले: रात्री शेवटच्या गावात थांबणारी, सकाळी तिथूनच लोकांना घेऊन निघणारी. सिस्टर आता हसत नव्हत्या. बोट सामान उतरवेपर्यंत थांबते, त्या म्हणाल्या. फार तर अर्धा दिवस. राजधानीला पोहोचायला चार-पाच दिवस लागतात. पुढची बोट दोन महिन्यांनी, समुद्र वाईट असेल तर त्याहून उशिरा. पूर्वी एक छोटे विमान येत असे. धावपट्टी खचल्यापासून येत नाही.

पप्पांनी मनातल्या मनात गणित मांडले. ते तसे करतात तेव्हा त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरतो. “म्हणजे ही तपासायला गेली की तिकडंच राहिली. महिन्याला तपासायचं तर घरी राहताच येणार नाय.” आणि माझ्याकडे पाहून, “मंग हे पुस्तक चालणार कसं?”

मी पप्पांचे बोलणे भाषांतरित केले नाही. गरज नव्हती. ती खिडकीबाहेर पाहत होती आणि सिस्टर आपल्या खाकी बाहीचे टोक दुमडत होत्या.

“तुम्ही मला तपासणी होते असं सांगितलं होतं,” मी सिस्टरना म्हणाले. माझा आवाज मला आवडला नाही.

“तू देशाचं विचारलंस. देशात होते. राजधानीतल्या हॉस्पिटलात, आठवड्यातले दोन दिवस.” त्यांनी बाही सोडली. “समितीपुढेही असेच कागद असतात. त्यात कुठे ‘नाही’ आलं, की ते नाव यादीत खाली जातं. मी इतकी वर्षं माझ्या माणसांना हेच शिकवत आले, की कागद समोर आला की होय म्हणा. आधी पोहोचा. मग बघू.”

“आणि मग?”

उत्तर तिने दिले. “बोट देईल तेवढ्या गोळ्या घेईन. संपल्या की थांबेन.” तिने श्वास घेतला. “तोवर शाळेपर्यंत चालता तरी येईल.”

हे तिने अगदी शांतपणे सांगितले. तिने सगळा हिशेब आधीच केला होता. धातूच्या झडपेवर गोळी थांबवली तर काय होते हे मी तिला आदल्याच दिवशी चित्र काढून समजावले होते आणि तिला ते नीट समजले होते. तिने त्यातून निवड केली होती. माझ्या फॉर्मला ती निवड दिसणे शक्य नव्हते, कारण त्याने तसे काही विचारलेलेच नव्हते.

बाहेर व्हरांड्यात पप्पा हळू आवाजात म्हणाले, “माझं काही चुकलं का? बाईमाणसाला नाही ते इचारलं का मी?”

“नाही पप्पा.”

“मंग तोंड का पाडलंस?”

मी हातातली निळी पुस्तिका मिटली. ते रिकामा डबा पिशवीत घालत म्हणाले, “आम्ही रूट आखायचो तवा आधी परतीची गाडी लावायचो. जाणारी मागून. नायतर माणसं जाऊन बसत्यात तालुक्याला.”

माझी चूक कुठे झाली, हे शोधायला वेळ लागला नाही. मी नकाशावर तो देश एक ठिपका म्हणून पाहिला होता आणि लहान देशात अंतरेही लहान असणार असे गृहीत धरले होते. सुरगाण्याची मुलगी सकाळच्या गाडीने येते, तपासणी करून संध्याकाळी घरी असते. ‘उपलब्ध’ या शब्दाचा माझा अर्थ तेवढाच होता. तिथली माणसे सिन्नर तालुक्यातल्यापेक्षाही कमी, पण ती आपल्या देशाइतक्या रुंद समुद्रावर विखुरलेली. ठिपका नव्हताच तो. ज्या विषयात मी परदेशी जाऊन पदवी घेणार होते त्याचा हा पहिला धडा असायला हवा होता, आणि तो मला एस.टी.च्या निवृत्त नियंत्रकाने शिकवला होता.

त्या संध्याकाळी घरी जाताना माझ्या मनात आलेली आणखी एक गोष्ट लिहिणे भाग आहे. शस्त्रक्रिया परवा होती, संमतिपत्रावर सही झाली होती, आणि सर त्याच आठवड्यात माझ्यासाठी शिफारसपत्र लिहिणार होते. गप्प राहिले असते तर कुणालाही काही कळले नसते. ती हसत घरी गेली असती आणि माझ्या नोंदीत तिचे नाव यशस्वी म्हणून राहिले असते. हा विचार साधारण मुंबई नाक्यापासून द्वारका चौकापर्यंत, पाच-सात मिनिटे, टिकला. तेवढा वेळ तरी तो टिकला, हे मला अजून बोचते.

बुधवारी सकाळी मी सरांना राउंडला निघण्याआधी गाठले.

“सर, प्रश्न अठराचं उत्तर चुकीचं आहे.”

“खोटं सांगितलं त्यांनी?”

“नाही. त्यांनी सांगितलं ते खरं आहे. प्रश्न चुकीचा आहे.”

“कुणाचा प्रश्न?”

“माझा.”

मी बोटीचे सगळे सांगितले. त्यांनी चष्मा काढून पुसला. रागावले की ते चष्मा पुसतात. मग विचारले, “या फॉर्मवर याआधी तिकडचे किती जण परत गेलेत?”

हे माझ्या डोक्यातच आले नव्हते. त्या देशातले दोन रुग्ण धातूची झडप घेऊन परतले होते. मी धावत अतिथिगृहावर गेले. सिस्टरनी दोघांनाही ओळखले: दोघेही राजधानीत, हॉस्पिटलपासून चालत जाता येईल अशा अंतरावर राहणारे. मी परत येऊन सरांना सांगितले.

“नशीब,” ते म्हणाले.

“हो सर. पद्धत नव्हे.”

“ते तुझ्या निबंधात लिही,” असे म्हणून ते अतिथिगृहातल्या तिच्या खोलीकडे चालू लागले.

त्या खोलीत सरांनी खुर्ची ओढून तिच्या पलंगाशी बसून सगळे पुन्हा सांगितले. दुरुस्ती होण्याइतकी झडप चांगली उरलेली नाही. ऊतीची झडप बसवली तर पहिले तीन महिने गोळी आणि तपासणी लागेल, तेवढे दिवस राजधानीत राहावे लागेल. त्यानंतर, सगळे ठीक असेल तर, घरी. पेनिसिलिनचे इंजेक्शन मात्र दर चार आठवड्यांनी चालूच. ते बेटावरच्या दवाखान्यात मिळते. पण दहा-बारा वर्षांत, कदाचित त्याआधीही, पुन्हा झडप बदलावी लागेल. ती शस्त्रक्रिया अधिक अवघड असेल. पुन्हा समिती, पुन्हा यादी, आणि तेव्हा नाव लागेलच असे मी सांगू शकत नाही, असेही ते म्हणाले. त्यांनी ते सौम्य करून सांगितले नाही.

मी या वेळी कागद आणला नव्हता. “मूल नको म्हणाला होतात,” मी एवढेच म्हणाले आणि थांबले.

ती सिस्टरकडे पाहून काहीतरी बोलली. सिस्टरनी भाषांतर केले नाही, तिनेच केले. “हवं आहे. तेव्हा भीती वाटली, ते उत्तर चालणार नाही म्हणून.”

तपासणीच्या प्रश्नावरचे खरे उत्तर खपते आहे हे कळल्यावर बाकीची उत्तरेही खरी होऊ लागली होती.

मग ती बोटांवर काहीतरी मोजू लागली. सरांनी घड्याळाकडे पाहिले नाही, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. शेवटी तिने विचारले, “दहा वर्षांनी माझी मुलगी किती वर्षांची असेल?” आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच, “चौदा.”

“चौदा,” मी म्हणाले.

“तेव्हा मला उचलून बोटीत ठेवण्याइतकी मोठी झालेली असेल.” आणि पहिल्यांदाच ती श्वास लपवण्यासाठी नाही, तर खरोखर हसली. “सोबतीला तीच येईल. सिस्टर तोवर म्हाताऱ्या होतील.”

“मी तरीही येईन,” सिस्टर म्हणाल्या. “पण मला उन्हाळ्यात बोलवा.”

शस्त्रक्रिया गुरुवारीच झाली. शस्त्रक्रियेबद्दल मला सांगण्यासारखे काही नाही. ती जशी व्हायला हवी तशी झाली. आठवड्याभराने आईचा डबा पुन्हा सुरू झाला. दोन आठवड्यांनी ती व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता चालली आणि परत येताना परिचारिकांच्या टेबलाशी उभी राहून तिने त्यांना त्या रविवारच्या गीताचे एक कडवे म्हणून दाखवले.

निघताना पप्पांनी तिला एक कागद दिला. आगारात ते जसे तक्ते आखत तसा, पट्टीने, लाल आणि निळ्या शाईत. राजधानीतल्या तीन महिन्यांच्या तपासण्या निळ्यात. बेटावरची इंजेक्शने लालात. आणि प्रत्येक तारखेपुढे ‘जाणे’ आणि ‘परत’ असे दोन रकाने. इंजेक्शनांच्या पुढचे दोन्ही रकाने त्यांनी एकाच रेघेने जोडले होते, कारण तिथे प्रवास नव्हता. बोटीच्या जागा कोऱ्या होत्या. “ते तिकडच्या कंट्रोलनं भरायचं,” त्यांनी मला बजावून सांगायला लावले. सिस्टर स्वेटर काढून देऊ लागल्या, तर पप्पा दोन पावले मागे सरले. “राहू दे. इमानात गार असतं.”

निबंधातले ते वाक्य मी खोडले आणि त्याजागी पप्पांचा प्रश्न जवळपास जसाच्या तसा लिहिला. सरांनी शिफारसपत्र दिले. त्यात काय आहे ते मला माहीत नाही, पण प्रवेश मिळाला आहे. फॉर्ममध्ये आता चौकोनांचे एकतीस प्रश्न आहेत आणि एक मोकळी जागा. तिथे लिहिले आहे: घरून तपासणीच्या ठिकाणी कसे जाल, आणि परत कधी पोहोचाल? तो प्रश्न भरायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. त्याने रंग ठरत नाही, म्हणून आमच्या कार्यालयात काहींना तो आवडत नाही.

तीन महिने झाल्यावर मी वाट पाहू लागले. तिचा निरोप आला: “बोट गेली. मी गेले नाही.” तपासणीचे आकडे अजून स्थिर येत नव्हते, म्हणून डॉक्टरांनी गोळी चालू ठेवून आणखी थांबायला सांगितले होते. ती राजधानीत कुणा नातेवाइकांच्या घरी, मुलीपासून चार-पाच दिवसांच्या समुद्रापलीकडे, पुढच्या बोटीपर्यंत राहणार होती. मी उत्तर लिहायला घेतले आणि तीनदा पुसले. तिने मनातला जुना हिशेब वापरला असता तर ती त्याच बोटीने घरी गेली असती. तिने तसे केले नव्हते, आणि त्याचे ओझे आता थोडे माझ्याही अंगावर होते. शेवटी मी फक्त आईने तिची आठवण काढल्याचे लिहिले, ते खरेच होते.

मे महिन्यात एका सकाळी राजधानीच्या धक्क्यावरून सिस्टरचा आवाजी निरोप आला. मागे इंजिनाची घरघर, माणसांचा कलकलाट, कोंबड्यांचा आवाज. गोळी थांबली आहे, तक्ता तिने पिशवीत घेतला आहे, आणि ती बोटीवर चढली आहे, एवढेच.

पप्पा ओट्यावर पेपर वाचत होते. मी त्यांना निरोप ऐकवला आणि भाषांतर केले.

“डिपार्चर झालं म्हणजे,” ते म्हणाले. मग सवयीने, “परतीची कधी?”

“पप्पा, हीच परतीची.”

त्यांनी पेपर खाली ठेवला आणि निरोप पुन्हा एकदा लावायला सांगितला. “मंग अरायव्हल कळव,” असे म्हणून पुन्हा पेपर उघडला.

पाचव्या दिवशी, बेटावरच्या सकाळच्या रेडिओवरून राजधानीला आणि तिथून सिस्टरच्या फोनवरून मला अरायव्हल कळले. मी पप्पांना कळवले.